एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ९६, म्हणजे नॉर्मल. मग अण्णांना लकवा कसा मारला?

वारणाकाठची:
अण्णा ५८ वर्षांचे. महिन्यापूर्वी सकाळी दाढी करताना डाव्या हातातला आरसा निसटला आणि तोंड वाकडं झालं. तासाभरात सांगलीला पोचलो, सीटी झाला, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन वेळेत मिळालं. आता काठी घेऊन अंगणात फिरतात, पण डाव्या हाताने सदऱ्याची बटणं अजून लागत नाहीत. होल्टर (दिवसभर हृदयाचे ठोके नोंदवणारी तपासणी) ठीक आहे. मानेच्या डॉपलरमध्ये (रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी) उजव्या धमनीत चरबीचा थर, ५० टक्के अडथळा.

लिपिडचा रिपोर्ट असा: एकूण कोलेस्टेरॉल १७५, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३१, ट्रायग्लिसराइड (रक्तातली दुसरी चरबी) २४०, एलडीएल ९६. एलडीएलपुढे लॅबने '१०० च्या आत' छापलंय. तरी डॉक्टरांनी कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी, अ‍ॅटोरव्हास्टॅटिन ८० लिहून दिलीय. अण्णा म्हणतात, "कोलेस्टेरॉल नॉर्मल आहे, उगाच लिव्हर कशाला खराब करू?" काल आईने गादी झटकली तर उशीखाली चार गोळ्या निघाल्या. त्यांना काय सांगू?

फिजिशियन_नाशिक:
ताई, तो छापील आकडा ज्यांना काही झालेलं नाही त्यांच्यासाठी आहे. धमनीत थर साचून लकवा झाला की एलडीएल ७० च्या खाली हवं. फ्रान्स आणि दक्षिण कोरियातल्या अशा २,८६० रुग्णांवर चाचणी झाली, निष्कर्ष २०१९ मध्ये आले. ७० च्या खाली ठेवलेल्यांत पुन्हा लकवा, हृदयविकार वगैरे मोठे प्रकार ८.५ टक्के झाले, ९० ते ११० ठेवलेल्यांत १०.९ टक्के. अण्णांचं ९६ दुसऱ्या गटात बसतं.

आता त्यांच्याच रिपोर्टवर एक वजाबाकी करा. १७५ वजा ३१, म्हणजे १४४. हे नॉन-एचडीएल. धमनीत चरबी नेऊन टाकणारे सगळे कण यात येतात, आणि अण्णांसाठी ते १०० च्या आत हवं. यासाठी उपाशीपोटी रक्त द्यायचीही गरज नसते. हा आकडा पुष्कळ लॅब ठळक छापत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

आणि ते ९६ बहुधा थेट मोजलेलंही नाही. १७५ मधून ३१ काढा, मग २४० चा पाचवा भाग म्हणजे ४८ काढा, बरोबर ९६ उरतात. ट्रायग्लिसराइड जास्त आणि एचडीएल कमी, ही आपल्याकडे नेहमी दिसणारी जोडी. अशा माणसात एलडीएलचे कण बारीक आणि संख्येने जास्त असतात, त्यामुळे आकडा साधा दिसला तरी धोका साधा नसतो. जमलं तर अपोबी (या कणांची संख्या सांगणारी रक्ततपासणी) करून घ्या.

माणदेशी:
माझ्या आईने पहिल्या झटक्यानंतर पाच महिन्यांनी गोळी सोडली. आम्हाला कळलंच नाही. दुसऱ्या झटक्यात वाचा गेली. गोळी घेतली असती तर टळलं असतं का, कोण जाणे. पण तुम्ही रोज समोर उभं राहून द्या, हात जोडून सांगतो.

औषधवाला_काका:
लिव्हरची भीती दुकानात रोज ऐकतो. एसजीपीटी (लिव्हरची रक्ततपासणी) तपासून घ्या. वरच्या मर्यादेच्या तिपटीपेक्षा जास्त गेलं तरच डॉक्टर डोस बदलायचा विचार करतात. अंग फार दुखलं किंवा लघवी गडद झाली तर मात्र लगेच दाखवा. दोन-तीन महिन्यांनी लिपिड परत करा. आणि लायपोप्रोटीन-ए (एलडीएलसारखाच रक्तातला एक कण) आयुष्यात एकदा तपासा. ते आईवडिलांकडून येतं, पथ्याने फारसं हलत नाही. ५० मिलिग्रॅमच्या वर निघालं तर तुम्हा भावंडांनाही करावं लागेल.

वारणाकाठची:
डॉक्टर, काका, दादा, सगळ्यांचे आभार. संध्याकाळी पाटीवर वजाबाकी मांडून अण्णांपुढे ठेवली. त्यांनी सोसायटीचे हिशेब तीस वर्षं लिहिलेत. १४४ आलं तेव्हा खडू मागून घेऊन उजव्या हाताने स्वतः परत केली. काही बोलले नाहीत. जेवण झाल्यावर गोळी मात्र मागून घेतली. शनिवारी मी आणि भाऊ रक्त द्यायला जातोय.