टेकडीवर मोर-लांडोर दिसली की कारवान जातीची कुत्री आवरत नाही. काय करू?

टेकडीवाली (पुणे):
बिजली आमची कारवान, दोन वर्षांची. घरात इतकी शांत की पाहुण्यांना ती आहे हे कळतही नाही. रोज सकाळी वेताळ टेकडीवर नेते, पट्टा कधीच सोडत नाही. तरी रविवारी खाणीजवळच्या झुडपातून लांडोर निघाली आणि हिने झेप घेतली. बटणाचा, लांब होणारा पट्टा सरसर सुटत गेला. दोरी मुठीत धरायला गेले तर तळहात सोलवटला, आणि शेवटचा हिसका बसला तशी बिजली कळवळून ओरडली. लांडोर उडाली म्हणून वाचली.

मुंगूस, खार, घोरपड, सगळ्यांच्या बाबतीत हेच. ‘नाही’ म्हणून ओरडले, पट्टा खेचला, तिला काही ऐकूच येत नाही. एकांनी काटेरी पट्टा सुचवला. तो मी घालणार नाही. टेकडी बंद करू का?

मुधोळकर:
ताई, काटेरी पट्टा नको हे बरोबरच. मोर दिसला की गळ्याला टोचतं एवढंच ती शिकेल, ओढ तशीच राहील. कारवान, पश्मी, मुधोळ ही कुत्री सशामागे धावण्यासाठीच पिढ्यान्‌पिढ्या जोपासली गेली. नजरेनं हेरतात, हललं की सुटतात. ही खोड नव्हे.

झेप घेतल्यावर तुमच्या हातात काही उरत नाही. त्याआधीचे दोन-तीन सेकंद मात्र तुमचे आहेत. माझा मुधोळ आधी थबकतो. कान ताठ, तोंड मिटलेलं, पुढचा एक पाय अधांतरी. तेवढ्यात मी ‘शोध’ म्हणतो आणि उकडलेल्या चिकनचे सात-आठ बारीक तुकडे गवतात फेकतो. हुंगायला मान खाली गेली की मोरावरची नजर सुटते. हा शब्द आधी घरात, मग जिन्यात, मग पार्किंगमध्ये पक्का करा. थेट टेकडीवर चालत नाही. तुकडा नाकाशी धरूनही घेत नसेल तर तुम्ही फार जवळ आहात. मुकाट्यानं मागं फिरा. आपणहून वळून तुमच्याकडे पाहिलं तर सगळ्यात मोठा तुकडा तेव्हा.

तो बटणाचा पट्टा आजच काढून ठेवा. धाव घ्यायला जागा मिळते म्हणूनच एवढा हिसका बसतो. दोन मीटरचा साधा, रुंद पट्टा घ्या आणि छातीच्या हार्नेसला अडकवा. या कुत्र्यांचं डोकं मानेपेक्षा फारसं मोठं नसतं, साधी कॉलर मागं सरकून निघते.

माळरान:
टेकडी बंद नको, पण वाट बदला. मोर भल्या पहाटे आणि संध्याकाळी चरायला उतरतात, त्या वेळी सोसायटीच्या रस्त्यानं फिरवा. टिटवी उन्हाळ्यात उघड्यावर खड्यांमध्येच अंडी घालते आणि लांडोरीचं घरटं पावसाळ्यात जमिनीवरच असतं. कुत्र्यानं तोंड लावायचीही गरज नाही. टिटवी उठून ओरडत राहिली की तेवढा वेळ अंडी उन्हात तापतात. म्हणून त्या महिन्यांत पायवाट सोडून गवतात शिरू नका. मोर 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या यादीत आहे, हेही लक्षात असू द्या.

टेकडीवाली (पुणे):
मुधोळकरदादा, बारा दिवस घरात आणि जिन्यात ‘शोध’ केलं. आज साडेआठला गेले. लांडोर साधारण पन्नास पावलांवर. बिजलीचा पाय तसाच अधांतरी, तुम्ही लिहिलाय तसा! इतके दिवस माझं लक्षच नव्हतं. तुकडे फेकले, चार खाल्ले, पाचव्याला मान पुन्हा वर. मी मागं फिरले, ती आली. फक्त हार्नेस काखेत घासतोय, लाल झालंय. कारवानच्या खोल छातीला बसेल असा कुणी शिवून देतं का?