‘व्हिरुलन्स’ आणि ‘रेझिस्टन्स’ यांना मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : रक्तातील जंतुसंसर्गावरील माहितीपत्रक मराठीत लिहिताना ‘व्हिरुलन्स’साठी, म्हणजे जंतूच्या आजार घडवण्याच्या ताकदीसाठी, ‘तीव्रता’ आणि ‘अँटिबायोटिक रेझिस्टन्स’साठी, म्हणजे जंतूवर प्रतिजैविक न चालण्यासाठी, ‘प्रतिजैविक प्रतिकारशक्ती’ असे शब्द मी योजले आहेत. ते योग्य वाटतात का?

उत्तर : दोन्ही बदलावेत, असे माझे मत आहे. ‘प्रतिकारशक्ती’ हा शब्द आपल्या मनात माणसाच्या शरीराशी इतका घट्ट जोडलेला आहे की ती वाढली, हे ऐकून वाचकाला बरेच वाटेल. रक्ताच्या कल्चरच्या (रक्तातील जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीच्या) अहवालात औषधांपुढे ‘आर’ (रेझिस्टंट) हे अक्षर दिसले की नातेवाईक ‘अंगाला औषधाची सवय झाली’ असे म्हणतात. वास्तविक बदललेला असतो तो जंतू, आणि तो शेजारच्या खाटेवरील, ते औषध कधीच न घेतलेल्या रुग्णाच्या रक्तात शिरला तरी तेथेही ते औषध चालत नाही. मराठीत ‘औषधाला दाद न देणे’ हा नेमका प्रयोग आहे. मेरोपेनेम या प्रतिजैविकाबाबत ‘मेरोपेनेमला दाद न देणारा जंतू’ असे लिहिले की दाद कोण देत नाही, याविषयी शंका उरत नाही. नामच हवे असेल तर ‘प्रतिजैविकरोध’ चालेल.

‘व्हिरुलन्स’ अधिक अवघड आहे. ‘तीव्रता’ आजाराची असते, जंतूची नव्हे. मूळ लॅटिन शब्दात विषाचा अर्थ आहे म्हणून ‘विषाक्तता’ सुचते; परंतु क्लेब्सिएला न्यूमोनिए या जिवाणूचे अतिजहाल वाण (उपप्रकार) माजतात ते प्रामुख्याने जाड आवरणामुळे आणि शरीरातील लोह ओढून घेण्याच्या क्षमतेमुळे. मी ‘जहालपणा’ सुचवतो. ‘मवाळ’ हा विरुद्धार्थी शब्दही तयार आहे, आणि बीसीजी लशीतील दुर्बल केलेल्या जंतूला तो शोभतो.

हे दोन गुण शब्दांतही वेगळे राहायला हवेत. १९८६ मध्ये तैवानमधून क्लेब्सिएलामुळे यकृतात गळू होऊन संसर्ग रक्तावाटे डोळ्यापर्यंत गेलेल्या रुग्णांचे वर्णन आले. असे वाण जहाल होते, तरी नेहमीच्या बहुतेक प्रतिजैविकांना दाद देत. उलट रुग्णालयांत आढळणारे, कार्बापेनेमना (मेरोपेनेम ज्यात मोडते त्या प्रतिजैविकांच्या गटाला) दाद न देणारे वाण बहुधा आधीच खंगलेल्यांना गाठत. २०१६ मध्ये चीनमधील हांगझौ येथे अतिदक्षता विभागातील ५ रुग्ण दगावले, तेव्हा औषधांना न जुमानणाऱ्या वाणालाच जहालपणाची जनुके वाहणारा प्लाझ्मिड (एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकणारे डीएनएचे छोटे वर्तुळ) मिळालेला आढळला. दोन्ही गुणांना ‘घातक’ म्हटले, तर तेथे नवे काय घडले, हे वाचकाला कळणारच नाही.

प्रश्नकर्ता : पटले. ‘उग्रता’ही मनात होती, पण ती वासाकडे आणि स्वभावाकडे झुकते. ‘जहालपणा’ घेतो, आणि ‘तीव्रता’ रुग्णाच्या स्थितीसाठी राखून ठेवतो.