फेब्रुवारीत फॉर्सिथियाच्या फांद्या घरात आणा

हिवाळ्यात फेब्रुवारी संपता संपत नाही, असं लोक म्हणतात ते अगदी पटतं. आम्ही बॉस्टनजवळ राहतो. २०१५ च्या हिवाळ्यात इथे ११०.६ इंच बर्फ पडला. शहरातला उचलून साठवलेला शेवटचा ढीग वितळायला १४ जुलै उजाडला!

अशा दिवसांसाठी माझी सूचना एवढीच: अंगणात फॉर्सिथिया (पिवळ्या फुलांचं झुडूप) असेल तर जरा उबदार दुपारी चार फांद्या कापून आणा. देठाचं टोक उभं चिरा, कोमट पाण्यात ठेवा, पाणी अधूनमधून बदला. तपकिरी कळ्या हळूहळू फुगतात, टोकाला पिवळी रेघ दिसू लागते आणि दोनेक आठवड्यांत पानांच्या आधीच फुलं येतात. डिसेंबरात मात्र घाई करू नका. कळ्यांना आधी पुरेशी थंडी खावी लागते, त्याशिवाय त्या उमलत नाहीत.

भारतातून आलेले आईवडील घरात असतील तर हे जरूर करा. दिवसचे दिवस बाहेर पडता येत नाही, त्यांना फार कोंडल्यासारखं होतं. माझी आई सकाळी चहाआधी फांद्या बघायची.

आणि मेपलच्या झाडांच्या खोडांना गोड रस गोळा करायच्या बादल्या लागल्या का, तेही बघत राहा. रात्री गोठण, दिवसा वितळण सुरू झाली की रस वाहू लागतो, भोवती गुडघाभर बर्फ असला तरी.