स्मार्टफोन किती वर्षांनी बदलावा? आपापले अनुभव

नौपाडा, ठाणे
दसरा-दिवाळीच्या सवलती सुरू झाल्या की घरोघरी नव्या फोनचा विषय निघतो. आपण फोन कशामुळे बदललात, किंवा बदलायचे ठरवूनही का थांबलात, हे कृपया सविस्तर लिहावे. माझ्यापुरता नियम असा की सुरक्षा अपडेट येणे थांबले की फोन बदलायचा, कारण बँक आणि यूपीआयचे सगळे व्यवहार त्याच एका फोनवर चालतात.

नेरूळ
नियम मान्य आहे, त्यात थोडी भर घालतो. अपडेटची मुदत आपण फोन घेतो त्या दिवसापासून नव्हे, तर ते मॉडेल प्रथम बाजारात आले तेव्हापासून मोजली जाते. गूगलने ऑक्टोबर २०२३ मध्ये पिक्सेल ८ साठी आणि सॅमसंगने जानेवारी २०२४ मध्ये गॅलेक्सी एस२४ साठी ७ वर्षांच्या अपडेटची हमी दिली. स्वस्त मॉडेलांना मात्र तेवढी मुदत मिळेलच असे नाही. त्यामुळे सवलतीतले जुने मॉडेल घेताना मी किमतीला उरलेल्या वर्षांनी भागतो. निवृत्त माणसाला हा हिशेब फार उपयोगी पडतो, आणि पुष्कळदा स्वस्त दिसणारा फोनच महाग ठरतो.

ऐरोली
माझ्या अनुभवात फोन म्हातारा होण्याआधी त्याची बॅटरी म्हातारी होते. महापेला कामावर जाताना फोन वीस टक्क्यांवर असतानाच अचानक बंद पडू लागला आणि घरच्यांनी नवा घेण्याचा आग्रह धरला. लिथियम-आयन बॅटरी जुनी झाली की तिची साठवण तर घटतेच, शिवाय अंतर्गत रोध, म्हणजे विजेला आतून होणारा अडथळाही वाढतो, त्यामुळे कॅमेऱ्यासारखे जड काम सुरू होताच व्होल्टेज कोसळते आणि आकडा शिल्लक दिसत असूनही फोन बंद होतो. अ‍ॅपलच्याच माहितीनुसार आयफोन १४ पर्यंतच्या बॅटऱ्या ५०० पूर्ण चार्जनंतर, तर आयफोन १५ च्या १,००० चार्जनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्के राहाव्यात अशा बनवलेल्या आहेत. मी अधिकृत केंद्रात बॅटरी बदलून घेतली. खर्च नव्या फोनच्या तुलनेत किरकोळ आला आणि तोच फोन आजही उत्तम चालतो. फोन उघडल्यावर पाण्यापासूनचे संरक्षण पूर्वीइतके राहील याची खात्री नसते, म्हणून पावसाळ्यात तो प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवते. बॅटरी फुगून मागचे झाकण उचलले गेले असेल, तर मात्र फोन वापरणे आणि चार्ज करणे ताबडतोब थांबवावे.

घोडबंदर रस्ता
भारतात ५जी १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाले. घरी व कार्यालयात वायफाय असल्याने केवळ त्यासाठी मी फोन बदलला नाही, आणि ४जीवर काहीही अडले नाही.

वाशी
आईचा फोन बदलताना वेग किंवा कॅमेरा यांपेक्षा तिची सवय महत्त्वाची वाटली. ठरावीक जागची बटणे आणि मोठी अक्षरे तिला पाठ झाली आहेत. म्हणून त्याच कंपनीचा फोन घेऊन मांडणी पूर्वीसारखीच लावून दिली.

कळवा
जुना फोन कोणाला देण्यापूर्वी त्यातील गूगल खाते आधी काढावे आणि मगच सेटिंगमधून सर्व माहिती पुसावी. खाते तसेच ठेवून फोन रिकव्हरी मेन्यूतून (बंद फोनची बटणे दाबून धरल्यावर उघडणाऱ्या दुरुस्तीच्या यादीतून) पुसला, तर सुरू करताना तो त्याच खात्याचा पासवर्ड मागतो आणि घेणाऱ्याच्या काहीच उपयोगाचा राहत नाही.