निर्वासितांसाठी दरवर्षी नव्याने झोळी का पसरायची?

वैनगंगाकाठ:
बांगलादेशातल्या कॉक्स बाजारच्या छावण्यांत, म्यानमारमधून पळून आलेल्या रोहिंग्यांना जागतिक अन्न कार्यक्रमाकडून माणशी महिना १२ डॉलरचं रेशन मिळायचं. मार्च २०२३ मध्ये ते १० वर आलं, जूनमध्ये ८ वर. कारण एकच, देणगीदार देशांचा पैसा कमी पडला. बांगलादेश त्यांना रीतसर काम करू देत नाही. मग घटलेलं रेशन भरून काढायचं कशातून?

संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था जवळजवळ पूर्णपणे ऐच्छिक देणग्यांवर चालते. दरवर्षी नवं आवाहन, आणि माणसं मात्र २०१७ पासून तिथेच. माझं मत स्पष्ट आहे: श्रीमंत देशांनी पाच वर्षांची रक्कम आधीच बांधून द्यावी, आणि ती कशावर खर्चायची याच्या अटी घालू नयेत.

सदरकर:
अजिबात पटत नाही. तिथल्या करदात्याला हिशेब मागायचा हक्क आहे, आणि त्यांच्या संसदा अर्थसंकल्प वर्षाचाच मंजूर करतात. दुसरं म्हणजे, पाच वर्षांची सोय झाली की म्यानमारवर दबाव कोण टाकणार? १९७१ मध्ये सुमारे एक कोटी माणसं आपल्याकडे आली. आपण टपालावर ५ पैशांचा जादा कर भरला, पण त्यांच्या परतीचा प्रश्न सोडला नाही. युद्ध संपल्यावर बहुतेक जण परत गेले.

महालवाला:
काहून भाऊ, रेशन कापल्यानं म्यानमारवर दबाव येते का? उपाशी तर लेकरं राहतात.

गोंदियाची लेक:
तुम्ही दोघं पैशाच्या मुदतीवर भांडताय. आमच्याकडे गोठणगावला तिबेटी वसाहत आहे. त्यांना कसायला जमीन मिळाली, हिवाळ्यात स्वेटरचा धंदा करायची मोकळीक मिळाली. युगांडाही निर्वासितांना जमिनीचा तुकडा आणि कामाचा हक्क देतो. निधी द्या, पण यजमान देशाकडून कामाची परवानगी घेऊन द्या. २०१६ मध्ये जॉर्डनशी असाच करार झाला होता: सीरियन लोकांना परवाने, बदल्यात जॉर्डनला सवलतीची कर्जं आणि युरोपची बाजारपेठ.

सदरकर:
गोठणगावला माणसं किती, कॉक्स बाजारला किती! २०१७ च्या ऑगस्टनंतर काही महिन्यांतच सात लाखांवर आली. छावण्यांलगतच्या उखिया-टेकनाफ भागातल्या स्थानिक मजुराची मजुरी पडली, टेकड्यांवरचं जंगल तुटलं. त्याला काय सांगणार?

वैनगंगाकाठ:
त्याचा वाटा त्याच निधीत धरायचा. शाळा, दवाखाने, पाणी दोघांसाठी. पण विहीर खणायला, झाडं वाढवायला बारा महिन्यांचा पैसा पुरत नाही. म्हणूनच मुदतीवर अडून बसलोय. गोंदियाताई, कामाच्या परवानगीची अट मात्र मान्य नाही. ढाक्याने नकार दिला तर रेशन बंद करणार का?

गोंदियाची लेक:
रेशन नाही. रस्ते, बंदरं, कर्जं यांच्या वाटाघाटीत ती अट घाला.