मॉडेलवरच्या ‘वेदरिंग’ला शब्द हवा

मंदार : प्लास्टिकच्या रणगाड्यांवर नवशिक्यांसाठी मराठीत टिपण लिहितोय. १:३५ मापाचा टी-३४, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला सोव्हिएत रणगाडा, घेतलाय. रंगवून झाल्यावर त्यावर धूळ, चिखल, ओघळ, टवके, गंज दाखवतात; त्या सगळ्याला मिळून ‘वेदरिंग’ म्हणतात. मित्र म्हणतो ‘गंजवणे’ लिही. मला पटत नाही.

शुभदा : भूगोलात ‘विदारण’ आहेच की. कायिक, रासायनिक, जैविक. तयार शब्द सोडून नवा कशाला?

मंदार : विदारणात खडक फुटतो. इथे काहीच फुटत नाही, उलट रंगावर रंग चढतो.

अण्णा : ‘गंजवणे’त काय वाईट? लोखंड आहे, गंजणारच.

केदार : सगळीकडे नाही गंजत, अण्णा. चालत्या रणगाड्याचा एग्झॉस्ट, म्हणजे धुराचा नळ, खरा गंजतो, कारण तापून रंग जळतो. हॅचच्या, म्हणजे आत उतरायच्या झाकणाच्या, कडा मात्र बुटांनी घासून शिसपेन्सिलीसारख्या चमकतात. जर्मन रणगाड्याचा टवका उडाला की आधी तांबडा प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, दिसतो, लोखंड नंतर. आणि विमानं? ॲल्युमिनियमला तांबडा गंज येतच नाही. जपानी लष्कराच्या कितीतरी विमानांना प्रायमरशिवाय उघड्या धातूवरच रंग मारला होता, त्याचे पोपडे निघाले. नवशिका ‘गंजवणे’ वाचेल आणि विमानाला तपकिरी रंग फासेल!

शुभदा : मग ‘जुनवणे’?

केदार : जुनं कुठे? आघाडीवरचा नवाकोरा टी-३४सुद्धा दोन दिवसांत चिखलाने माखायचा.

वैशाली : ‘रापवणे’! उन्हावाऱ्याने चेहरा रापतो तसा रंगही रापतो. आजी पश्चिमेकडच्या दारालाही ‘रापलंय’ म्हणायची. आमच्या मालवणातली ‘रापण’ही त्यातलीच असावी.

अण्णा : रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. तिचा रापण्याशी काय संबंध?

वैशाली : ओढणारे उन्हातच उभे असतात ना, अण्णा.

अण्णा : तशी तर शेती पण उन्हातच होते. अशी व्युत्पत्ती लावू नये.

मंदार : ‘रापवणे’ आवडला, पण सगळं त्यात बसत नाही. हिवाळ्यात टी-३४वर चुन्यासारखा पांढरा हात मारायचे, तो पावसाने आणि घासून उडायचा. मॉडेलवर तो हेअरस्प्रेच्या थरावर देतात आणि ओल्या ब्रशने घासून काढतात. हे रापणं नाही.

निखिल : ‘वेदरिंग’च ठेवा. रंगाच्या बाटलीवर तेच छापलेलं असतं. दुकानात ‘रापवायचं सामान द्या’ म्हणून कोण मागणार?

शुभदा : दुकानात काय मागायचं ते दुकानात. लिहिताना तरी मराठी नको का?

निखिल : ‘कल्हई’ अरबीतून आली, तिला कुणी अडवलं?

अण्णा : कल्हईचं निघालंच आहे तर विचारतो. कल्हई उडालेल्या पितळेत ताक कळकतं. हे कळकणं कल्हईवरूनच आलं असेल का?

वैशाली : नसावं. कळकट कपडे म्हणतोच की, त्यांना कुठे कल्हई असते?

केदार : मंदार, चाकांभोवतीच्या ग्रीज-धुळीला ‘कळकट’ चांगला आहे. खाली ॲक्रिलिक रंग असेल तर वॉश, म्हणजे खाचांत उतरणारा पातळ रंग, इनॅमलचा दे. टर्पेंटाइनने पुसताना खालचा रंग सुटत नाही.

अण्णा : कळकणं आंबटाने होतं, धुळीने नव्हे. कळकट कपडे हा वेगळा शब्द असणार.

वैशाली : वेगळा कसा? दोन्हीकडे डागच पडतात.