मदत हवी आहे: मांडवा ते गोवा शिडाच्या बोटीतून, दोन कुत्र्यांसह

मुळाकाठची:
नमस्कार. उत्तर लवकर हवंय म्हणून थोडक्यात लिहिते. नवऱ्याच्या मित्राची शिडाची बोट मांडव्याला आहे, ती गोव्याला न्यायची आहे. आम्ही दोघं बरोबर जाणार, आणि शेरू-चिंगीही येणार. त्यांना घरी ठेवा, बोर्डिंगला ठेवा ही चर्चा कृपया नको. अडचण एकच आहे, शेरू बोटीवर शू करत नाही. सरावासाठी नेलं तर सकाळपासून संध्याकाळपर्यंत धरून बसला. गोल फिरायचा, दोरांचा वास घ्यायचा, कण्हायचा आणि पुन्हा बसायचा. जेटीला पाय लागल्याबरोबर पहिल्याच खांबाशी किती वेळ उभा होता! कृत्रिम हिरवळीची चटई आणली तर तिच्यावर झोपतो. काय करू?

खाडीवाला:
बोट किती फुटी? इंजिन आहे का? महिना कुठला? रात्री चालवणार की मुक्काम करत जाणार? शेरूची जात, वय, वजन? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार?

डेक्कनकर:
चर्चा नको म्हणालात तरी माहिती म्हणून सांगतो. रेल्वेत फर्स्ट क्लासचा अख्खा कूपे घेतला तर कुत्रा सोबत नेता येतो. आम्ही आमची पामेरियन तशीच नेतो. मालकही खूश, कुत्रीही खूश.

मुळाकाठची:
रेल्वे नकोय हो. बोट ३४ फुटी, डिझेल इंजिन आहे. डिसेंबर. शेरू लॅब, ९ वर्षांचा, ३४ किलो. चिंगी गावठी, २ वर्षांची, १८ किलो. ती कुठेही करते, तिचा प्रश्नच नाही. मित्र म्हणतो मध्ये कुठे थांबायचं नाही, दोन दिवस दोन रात्रींत पोचू.

खाडीवाला:
मग अडचण त्या दोन रात्रींत आहे, शेरूत नाही. मांडवा ते पणजी साधारण सव्वादोनशे सागरी मैल, पाच नॉटने, म्हणजे तासाला पाच सागरी मैल वेगाने, सरळ गेलात तर ४५ तास. ९ वर्षांच्या कुत्र्याला एवढा वेळ लघवी धरायला लावणं योग्य नाही.
टप्पे पाडा. मांडव्याहून राजपुरीची खाडी, म्हणजे जंजिऱ्याच्या आत, सुमारे ३० मैल. तिथून हर्णे तेवढंच. मग जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, पणजी. रत्नागिरीचा टप्पा छोटा, बाकीचे सगळे तीस-पस्तीसच्या आसपास. सहा-सात तासांत नांगर पडतो. डिसेंबरात पहाटे जमिनीकडून मतलई वारा असतो, त्यावर निघायचं. दुपारी वायव्येचा खारा वारा पाठीवर येतो. गोव्याकडे जाताना हे सगळं तुमच्या बाजूचं. परत येताना तोच वारा तोंडावर येईल, बोट परत आणायची असेल तर मित्राला आत्ताच विचारा.

दर्यासारंग:
खाडीवाल्यांशी असहमत. प्रत्येक खाडीत शिरायचं म्हणजे तोंडावरचा वाळूचा उथळ पट्टा, भरती-ओहोटी, मासेमारी बोटींची गर्दी. त्यापेक्षा बाहेरून सरळ जा. नौदलाचे दिलीप दोंदे २००९-१० मध्ये म्हादेई या शिडाच्या बोटीवरून एकट्याने जगप्रदक्षिणा करून आले, अभिलाष टॉमींनी तर २०१३ मध्ये कुठेही न थांबता ती पूर्ण केली. गोव्यापर्यंत दोन रात्री काहीच नाहीत.

खाडीवाला:
त्या दोघांबद्दल नितांत आदर आहे, पण म्हादेईवर लॅब नव्हता. रायगडच्या किनाऱ्याला मासेमारीच्या डोल जाळ्यांचे खांब आहेत, खाली दिवा नसलेली जाळी. रात्री इंजिनाच्या पंख्यात जाळं अडकलं तर माणूस सुरी घेऊन पाण्यात उतरतो, आणि वर डेकवर घाबरलेली दोन कुत्री सांभाळायला उरतं कोण? बोटीच्या व्हीएचएफ रेडिओवर १६ नंबरचं आणीबाणीचं चॅनेल चालू ठेवा, तटरक्षक दलाचा मदतीचा नंबर १५५४ फोनमध्ये घालून ठेवा.

रानवाट:
उलटीचं काय? माणसांची प्रवासातली गोळी अर्धी करून देता येते. आम्ही ताम्हिणी घाटात नेहमी देतो.

पशुवैद्य_हडपसर:
कृपया असं करू नका, धागाकर्तीनेही करू नये. कुत्र्यांसाठी मॅरोपिटंट हे उलटीवरचं औषध आहे, वजनाप्रमाणे, निघायच्या किमान दोन तास आधी. डोस तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्या. त्यापेक्षा मला पाण्याची जास्त काळजी वाटते. दोघांचं मिळून ५२ किलो, म्हणजे सावलीत बसूनसुद्धा रोज तीन लिटर. उन्हात धापा टाकताना याच्या दुप्पट धरा. तहानलेला कुत्रा समुद्राचं पाणी चाटतो, मग उलट्या, जुलाब आणि मिठाची विषबाधा. भांडं सतत भरलेलं ठेवा, डेकवर ताडपत्रीची सावली करा. आणि किनाऱ्यावर पडलेला केंड मासा तोंडात जाऊ देऊ नका, तो विषारी असतो.

डेक्कनकर:
पोहता येतं ना दोघांना? नसेल तर खडकवासल्याच्या पाण्यात सराव करून घ्या. रविवारी सगळे नेतात.

सिंहगडरोड:
सगळे नेतात म्हणून नेऊ नका. पुणं तेच पाणी पितं.

खाडीवाला:
पोहता येणं पुरेसंही नाही. ३४ किलोचं ओलं कुत्रं पाण्यातून वर ओढणार कसं? पाठीवर हँडल असलेलं लाइफ जॅकेट घ्या, कठड्याला जाळी बांधा.

कासवमित्र:
जरा वेगळा मुद्दा. हर्ण्याजवळ आंजर्ले आणि त्याच्या अलीकडे वेळास, दोन्हीकडे हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. कुत्री घरटी उकरतात. किनाऱ्यावर पट्टा सोडूच नका, चिंगीचा तर नाहीच. हे मी फार कळकळीने सांगतोय.

मुळाकाठची:
सोडणार नाही, शब्द देते. टप्प्यांचं मित्राला पटतंय थोडंथोडं. पण डिंगीतून, म्हणजे बोटीच्या छोट्या होडीतून, किनाऱ्यावर न्यायचं म्हटलं तर ओहोटीला खाडीत गुडघाभर चिखल असणार, आणि शेरूचे मागचे पाय दुखतात. म्हणून बोटीवरची सोय हवीच. मूळ प्रश्नाचं सांगा ना कुणीतरी!

तीनपायांची_आई:
सांगते. नवी कोरी चटई त्याला गादी वाटते, म्हणून झोपतो. सोसायटीत तो ज्या झाडाशी करतो तिथली माती आणि पालापाचोळा चटईवर पसरा. सकाळच्या पहिल्या शूच्या वेळी चिंगीला आधी तिथे करू द्या, मग लगेच शेरूला पट्ट्याने तिथेच न्या. तुमचा रोजचा शब्द वापरा आणि झाल्याक्षणी खाऊ द्या. घरी जमलं की तीच चटई न धुता बोटीच्या पुढच्या टोकाला दोरीने बांधा. आमच्या म्हातारीला गच्चीवर असंच शिकवलं.

दर्यासारंग:
हे पटलं. चटईच्या चारही कोपऱ्यांना दोरी बांधा म्हणजे समुद्रात बुडवून खळबळता येईल. टप्प्यांबद्दल माझं मत मात्र तेच आहे.

मुळाकाठची:
आज सकाळी केलं. चिंगीच्या पाठोपाठ शेरूने चटईच्या कडेवर केलं, निम्मं फरशीवर, पण केलं! उद्यापासून चटई बाल्कनीत. खाडीवाले, राजपुरीत नांगर कुठे टाकायचा, आगरदांड्याच्या बाजूला की दिघीच्या?

खाडीवाला:
आधी सांगा, बोटीचा कील, म्हणजे तळाचा कणा, पाण्याखाली किती खोल आहे?